दाजींच्या पोटातला कांदिरू

पंधरा वर्षं मी मासे फाडते. मोठ्या माशाचे कल्ले उघडले की आत बोटाएवढे कांदिरू मासे चिकटलेले असतात, रक्त पिऊन टम्म. चिमटीत धरायचे, उपटायचे, नदीत भिरकावायचे. हजारो उपटले असतील मी. माणसाच्या वाटेला गेलेला एकही पाहिला नाही.

म्हणून इव्हानिल्देचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, नवरा आदेनिल्सन सोन्याच्या खाणीवरून परतला आणि "नदीत लघवी करताना कांदिरू आत शिरला" म्हणून विव्हळायला लागला, तेव्हा माझं डोकंच सणकलं. गावाला मात्र लगेच पटलं. त्याच्या आईनं, झुलेइदे मावशीनं, हिरवी जेनिपापो फळं ठेचून रस पाजला. त्यानं म्हणे मासा आतल्या आत विरघळतो. आठवड्याभरात आदेनिल्सनचं विव्हळणं थांबलं आणि मावशीला आभाळ ठेंगणं झालं.

महिन्याभरानं इव्हानिल्दे तळमळायला लागली. आग, पू, ताप. त्यात सातवा महिना. मावशीनं तिच्याही हातात तोच रस दिला.

"उघडीवाघडी डुंबली असेल नदीत," मावशी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना सांगत होती. "आता भोगा."

मग मात्र मला राहवेना. मासे फाडता फाडता चार जिवंत कांदिरू बादलीत टाकले आणि ती घाटावरच, सगळ्यांदेखत, आदेनिल्सनसमोर आदळली.

"घे. मूत यात. बघू दे सगळ्यांना, कुठला वर चढतो ते."

"ताई, बायकांसमोर काय बोलतेस!"

"खाणीवरच्या बायकांसमोर नव्हती ती लाज?"

कुणीतरी फिसकन हसलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"देउझारिना, स्वतःचा नवरा टिकवता आला नाही, आणि निघालीस दुसरीचा संसार मोडायला!"

"ताई, तू गप्प बस," नवऱ्यामागे उभी असलेली इव्हानिल्दे म्हणाली. मला वाटलं, चुकून म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माशावर ढकललं की हा घरात राहतो. तुझ्यासारखं एकटं नाही राहायचं मला."

हे माझ्या जिव्हारी लागलं. लहानपणी हिला मी कडेवर वाहिलंय. तिच्या कानाखाली वाजवावी इतका राग आला, आणि त्या रागातच मी ओरडले, "आणि पोर? या गुप्तरोगात जन्मतःच पोरांचे डोळे जातात, तेही माशावर ढकलणार?"

ती पांढरीफटक पडली. हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. दवाखान्याची बोट दोन वळणं खाली लागली होती. ती नवऱ्याकडे वळली.

"चल. औषध दोघांनाही घ्यावं लागेल."

"मला काय धाड भरलीय?" आदेनिल्सन म्हणाला. "माझा मासा विरघळलाय."

इव्हानिल्देनं त्याच्याकडे पाठ फिरवली. मग पोट सावरत माझ्या होडीत येऊन बसली. मावशी काठावरून शिव्या घालत होती. मी वल्हं मारत सुटले, दातओठ खात. पहिलं वळण मागे पडलं.

"ताई," ती म्हणाली, "डोळ्यांचं खरं आहे ना? की मला होडीत बसवायला तूही एक कांदिरू सोडलास?"

"खरं आहे," मी म्हणाले. "खोटं असतं तर बरं झालं असतं गं."