लिंबूसत्त्वाची चूळ

पद्मा विद्यापीठात तोंडातल्या बुरशीवर लिंबूसत्त्वाचा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचा, काय परिणाम होतो ते तपासत होती. दोन वर्षांनी पहिल्यांदाच प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीतली बुरशी वाढायची थांबली, तेव्हा ती सप्तापूरमध्ये आईबरोबर राहत होती त्या खोलीवर धावतच आली.

"अव्वा, मेली गं बुरशी!"

तिची आई दुर्गव्वा बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाई. दम्याचा पंप ओढून ओढून तिच्या जिभेवर बुरशीचा पांढरा थर धरला होता. "मग मी पण त्याची चूळ भरू काय?" तिनं विचारलं.

पद्मा संशोधनातल्या मार्गदर्शक सरांना तबकडीचे फोटो पाठवत होती. मान वर न करता म्हणाली, "हूं."

दहा दिवसांनी तिच्या लक्षात आलं, अव्वा भाकरीला हात लावत नाही, नुसती पेज पिते. पद्मानं जबरदस्तीनं तिचं तोंड उघडायला लावलं. गाल आतून सोलवटले होते. पांढरा थर होता तिथंच होता.

"काय केलंस हे?"

"लिंबूसत्त्व. सुभाष रोडवरनं आणलं. पेलाभर पाण्यात दोन चमचे, दिवसातनं तीनदा."

"आग होत नव्हती?"

"होत होती की. पण तुझं दोन वर्षांचं काम. गुण नाही म्हटलं तर तुला कसं वाटेल?"

"अव्वा, ती काचेत मेली गं. माणसाच्या तोंडात अजून कुणी बघितलंच नाही."

एवढंच बोलायचं होतं, दहा दिवसांपूर्वी.

दवाखान्यात डॉक्टर दीपश्रींनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. माझीच अक्कल," दुर्गव्वा घाईनं म्हणाली.

"मी सांगितलं," पद्मा म्हणाली. "मी यावरच संशोधन करते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बुरशीचं औषध लिहून दिलं आणि पंप ओढल्यावर दर वेळी साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगितलं. पद्माला हे ठाऊक होतं. रोज तबकड्या उजेडात धरून बघणाऱ्या तिनं आईचं तोंड मात्र कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांच्या औषधानं तीन आठवड्यांत दुर्गव्वा बरी झाली, पण लेकीच्या लिंबूसत्त्वानं गुण आला म्हणून कारखान्यात सांगत सुटली. हे कळलं त्याच दिवशी पद्मा कारखान्याच्या गेटवर गेली. कामावरनं सुटलेल्या बायकांना थांबवून तिनं सगळं खरं सांगितलं.

"मी कालच पुडी आणलीय की," त्यांच्यातली भागीरथी म्हणाली.

"तोंडाला लावू नका, अक्का. चूक माझी आहे."

दुर्गव्वा शेजारीच उभी होती. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुझं नाव व्हावं म्हणून सांगत होते, तू सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस."