पांढऱ्या रंगाचे आकडे

"ताई, आ शुं? ह्याला नंबर कोण देतं?" शेजारच्या ममताने अर्ध्या गुजरातीत विचारलं आणि चंदाचा कुंचला जागच्या जागी थांबला.

समोरच्या ट्रेमध्ये कॉइल उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंगावर पांढरे आकडे होते: एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. सकाळपासून भट्टीकडे गेलेल्या ट्रेंचंही तेच झालं असणार. आकडे चंदानेच टाकले होते. कधी टाकले, हे मात्र तिला विचारून उपयोग नव्हता.

नंदुरबारहून लग्न होऊन सिल्वासाला आल्यापासून ती मसाटच्या या कारखान्यात गाड्यांच्या प्लग वायरींवर नंबर घालत होती. जुन्या इंजिनात कॉइल एकच, ती एका कोपऱ्यात. तिथली वीज चार वायरींतून चार प्लगांपर्यंत जायची. चारींची लांबी वेगळी, जागा वेगळी. अदलाबदल झाली की गाडी उचक्या देणार, म्हणून नंबर. चंदाचा हात त्यात इतका बसला होता की गप्पा मारता मारता ती सेट पुरा करी, आणि गप्पांना तर ती कधीच कमी पडली नाही.

आता गाड्याच बदलल्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते, मधली वायरच गेली. सुपरवायझर अरविंद सावंतांनी हे समजावलं तेव्हा चंदा म्हणाली होती, "म्हंजे चारी भाऊ येगळे निघाले म्हना. ज्याची त्याची चूल."

सावंत हसले होते. पण पुढे त्यांनी सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. वायरींचं टेबल बंद. कॉइलच्या लाइनवर आठवडाभर काम बघणार. जमलं तर कायम नोकरी चालू, नाही तर ठेकेदाराकडे पॅकिंगला. तिकडे गेलेली बाई परत कायम झाल्याचं चंदाने पाहिलं नव्हतं.

आणि आठवडा संपता संपता हे असं. मशीनच्या चार नळ्यांतून चार कॉइलमध्ये एकदम रेझीनचा चिकट रस पडे. चार नग नळ्यांच्याच क्रमाने एकत्र समोर येत आणि हाताला वाटे, सेट आला. जुना कुंचला आणि रंगाची डबी तिने सोबत आणलेली होतीच. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

सावंत आले. ट्रे पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कोणी केलं हे?"

ममता खाली बघत राहिली. नवी पोर, तिच्या नावावर सहज खपलं असतं. चंदाच्या मनात ते येऊन गेलंही.

"मीच केलं साहेब. हात चालून गेला."

"अहो ताई, या सगळ्या एकसारख्या. कुठलीही कुठेही बसते. हा माल कोण घेणार?"

"माले ठाऊक शे. हातले ठाऊक नही." घाबरली की चंदाच्या तोंडून गावची बोली निघे.

सावंतांनी माल पुढे न्यायची खूण केली. ट्रे भट्टीत गेला, तिथून टेस्टला. दुपारचा डबा चंदाला गेला नाही.

टेस्टवर मधूनच लाल दिवा लागायचा. आठवडाभर तेच चाललं होतं आणि कारण सापडत नव्हतं. आज सावंतांनी लाल दिव्याचे नग बाजूला मांडले आणि बघत राहिले. सगळ्यांवर तीन. त्यांनी मशीनची तिसरी नळी उघडली. आत रेझीनचा खडा घट्ट बसला होता, त्यामुळे रसात हवा शिरत होती.

"चंदाताई, तुम्ही लाइनवरच राहा," ते म्हणाले. "आकडे ठेवायचेत, कुठल्या नळीचा नग ते कळतं. पण रंगाने नाही. त्याला लेझर मागवतो."

महिन्याभरात लेझर आलं. बारीक, सरळ आकडे, कुठे ओघळ नाही. चंदा ट्रे भरू लागली. नोकरी राहिली म्हणून तिला बरं वाटलं, आणि कुंचला सुटला म्हणून वाईटही वाटलं. दोन्ही खरंच होतं.

त्याच दिवशी भंगारवाले वायरींचं टेबल न्यायला आले. कडेला, जिथे ती कुंचला निथळायची, तिथे इतक्या वर्षांचा पांढरा थर चढला होता. दोघांनी टेबल उचललं.

"थांबा जरा, भाऊ."

त्यांनी ते खाली ठेवलं. चंदाने फडकं घेतलं आणि सुटी होताना रोज पुसायची तसं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढलं. मग फडक्याची घडी केली.

"न्या आता," ती म्हणाली.