तीन पायांच्या टेबलाची कबुली

मी बोलतोय, डोरीनच्या शेडमधलं मसाजचं टेबल. हसू नका. आता तीनच पाय उरलेत, पण एके काळी चारही होते, चांगल्या मेपलच्या लाकडाचे, आणि निळी गादी अशी की झोपलेला माणूस उठायचं नाव घेत नसे.

माझा पहिला मालक ड्वेन. हॉकी खेळणाऱ्या पोरांचे खांदे रगडायचा. एकदा त्याने मला जिन्यावरून पाडलं आणि माझा डावा पाय आतून तडकला. पठ्ठ्याने फटीत गोंद भरला, वर रंग फासला आणि मला गॅरेजमध्ये टाकलं. दोन हिवाळे माझ्या अंगावर ओले बूट वाळत पडले. मग जुनं टेबल विकत घ्यायला डोरीन आली.

"ठणठणीत आहे," ड्वेनने तिला छातीठोकपणे सांगितलं.

तेव्हा मी जरा करकरलो असतो तर तिला कळलं असतं. पण मला त्या गॅरेजमधून सुटायचं होतं. मी गप्प बसलो.

डोरीन त्रेचाळीस वर्षांची. आमच्या इथल्या, कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या खाडीवरच्या कारखान्यात तिने वीस वर्षं कॉड मासे कापले. कारखाना बंद पडला तेव्हा बाई मसाज शिकायला बसली, वर्गातल्या पोरींच्या आईच्या वयाची. सहा महिने माझ्यावर शेजारणींना झोपवून सराव केला. परीक्षा पास झाली, पण पहिली नोकरी काही मिळेना. तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथं ठिकाण बर्निसचं क्लिनिक.

"हेही गेलं तर पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला मावशीकडे जाऊ. तिथे मांसाच्या कारखान्यात काम आहे," तिने लेकीला सांगितलं. तेरा वर्षांची कोलीन नुसती ताटातलं चिवडत बसली. तिची आजी, शाळा, मैत्रिणी, सगळं इथेच होतं.

बर्निसकडचं काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना मसाज करायचं, म्हणून मुलाखतीला टेबल आपलं आपण न्यायचं. आणि मुलाखत म्हणजे बर्निस स्वतःच माझ्यावर झोपणार. चांगली धिप्पाड बाई, आवाज बंदरापर्यंत जाणारा.

"अर्धा तास. मी अवाक्षर काढणार नाही. काय ते शेवटी सांगेन," चादरीखाली पालथी पडत ती म्हणाली.

तिचं वजन आलं आणि माझ्या डाव्या पायातली जुनी फट ताणली गेली.

डोरीनचे हात गार पडले होते. तिने ते चोळून गरम केले. "जोर एवढा चालेल ना?" दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बर्निसचे खांदे सैल पडायला लागले. डोरीनने कोपर टेकवून पाठीवर भार दिला, आणि माझ्या पायातला गोंद सुटला. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. एवढी पंधरा मिनिटं काढ, मग खुशाल मोड मेल्या, असं स्वतःला बजावत होतो. पुन्हा भार आला. कर्र!

डोरीनचे हात थांबले.

"का थांबलीस? वेळ आहे अजून," बर्निस गुरगुरली.

डोरीनने वाकून माझा पाय चाचपला. तिच्या अंगठ्याला फट लागली आणि चेहरा पांढराफटक पडला. हलक्या हाताने कर गं, निभेल, कुणाला कळतंय, असं मीच मनात म्हणत होतो. सांगायला लाज वाटते.

"बर्निसबाई, उठा. टेबलाचा पाय तडकलाय. सावकाश, उजवीकडून उतरा."

तिने आपली मांडी माझ्याखाली घातली, एका हाताने चादर आडवी धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बर्निसची पावलं जमिनीला लागली न लागली तोच माझा पाय काडकन गेला. मी डोरीनच्या गुडघ्यावर आदळलो.

"स्वतःचं टेबल तपासून आणता येत नाही तुला?"

"नाही तपासलं. चूक माझी." ड्वेनचं नावसुद्धा तिने घेतलं नाही. लंगडतच जमिनीवर ब्लँकेट पसरलं. "राहिलेली पंधरा मिनिटं इथे."

"या वयात मला जमिनीवर लोळवतेस?"

"झोपा तर खरं. उठवायला मी आहे ना."

बर्निस कुरकुरत झोपली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. जाग आली तेव्हा तिची नजर डोरीनच्या सुजलेल्या गुडघ्यावर गेली.

"सोमवारी नऊला ये. टेबल क्लिनिकचं ने. आणि हे सरपण आधी माझ्या दारातून उचल, बाई."

डोरीन गाडीत बसून हमसून हमसून रडली. मग लेकीला फोन लावला. "कोलीन, नाही जायचं गं आपल्याला कुठे."

काल कोलीन शेड आवरत होती. "आई, हे मोडकं फेकून देऊ?"

"खबरदार! ते वेळेवर बोललं म्हणून तर आपण इथे आहोत," डोरीन म्हणाली आणि माझ्या गादीवरून हात फिरवला.

वेळेवर? अगं बाई, सगळं ठाऊक असून मी सहा महिने गप्प होतो! तिला माझं बोलणं ऐकू येत नाही, तुम्हाला येतंय. कधी तिच्या हाताखाली झोपलात तर तिला एवढं सांगा: तो आवाज मी केला नव्हता. मला तो दाबता आला नाही.