चार बोटं खोल

“झालं वहिनी! एकही ठेवलं नाही बघा!” कुंपणापलीकडून शेजारच्या शिगेओने हात उंचावला.

दवाखान्यातून परतलेल्या हिसाए फाटकातच थबकल्या. सकाळी बस पकडायला निघाल्या तेव्हा अंगणातल्या वाफ्यात ट्यूलिपची साठ लाल फुलं होती. आता नुसत्या हिरव्या दांड्या. पानं शाबूत, माना तेवढ्या खुडलेल्या. फाटकाशी टोपली भरून ठेवलेली.

“तुमचे गुडघे धरलेत, म्हटलं आपणच उरकून टाकू. तीन दिवस झाले उमलून, तरी तुमचा हात लागेना! तोकुझोदादा असते तर घरात घेतलं नसतं तुम्हाला.”

आणि तो मनापासून हसला. त्याचं तरी काय चुकलं? तोनामीच्या शिवारात कंद पिकवणारं कोणी फूल ठेवतच नाही. रंग बघायचा, जात ओळखायची आणि खुडायचं. नाहीतर कंद पोसत नाही. तोकुझो होते तोवर चाळीस वर्षं हिसाएंनी दुसरं काय केलं होतं?

“उपकार झाले भावजी,” त्या म्हणाल्या. “चहा घेऊन जा.”

चहाबरोबर मुळ्याचं लोणचंही दिलं. त्याने ते दोनदा मागून घेतलं.

नवरा गेल्यावर शेत त्यांनी शिगेओलाच कसायला दिलं. टोपलीभर कंद मात्र बाजूला काढून, बर्फ पडायच्या आत दारात लावले. मित्सुयोसाठी. सात वर्षांची असताना ही पोर शेतात सरीवर आडवी पडली होती, “एक तरी ठेव ना गं आई!” म्हणत. हिसाएंनी तिला उचलून बांधावर बसवलं होतं आणि ओळ पुरी केली होती. आता ती नागोयात असते. वर्षाकाठी एकदा तोंड दाखवते, तेही घाईघाईत. यंदा हिवाळ्यात हिसाएंनी आपणहून फोन केला : एकही खुडणार नाही, सुट्टीत ये. “बघू हं,” म्हणणाऱ्या मित्सुयोने परवा कळवलं होतं, रविवारी येते.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

“आई, फुललीत ना? कॅमेरा घेऊन ठेवलाय मी.”

हिसाएंनी खिडकीतून पाहिलं. पान कुजू नये म्हणून शिगेओ वाकून वाफ्यात सांडलेल्या पाकळ्या वेचत होता. एकेक.

“खुडली गं मी.”

“काय?”

“सवयीनं. हात गेला.”



“तू ना आई... बदलायची नाहीस.” मग जरा थांबून, “राहू दे मग. सुट्टीच्या एवढ्या गर्दीत यायचं म्हणजे... पुढच्या वर्षी बघू.”

“हो गं. गर्दी असतेच.”

रविवारी त्यांनी नेहमीसारखं दांड्यांना पाणी घातलं.

जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर कंद निघाले. शिगेओने एक उचलून तळहातावर तोलला. “काय पोसलाय वहिनी! म्हटलं नव्हतं?”

“म्हणाला होतात.”

सगळ्यांत मोठे दहा त्यांनी सावलीत वाळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि खोक्यावर नागोयाचा पत्ता घातला. आत चिठ्ठी ठेवायची होती. काय लिहावं हे सुचेपर्यंत अख्खी दुपार गेली. शेवटी लिहिलं :

‘थंडी पडली की गॅलरीतल्या कुंडीत लाव. चार बोटं खोल. फुलं आली की खुडू नकोस.’