नवरीचे अर्धे केस

गल्लीच्या टोकाला तिचं केस कापायचं दुकान होतं. तीन खुर्च्या, तीन आरसे, खिडकीत एक कुंडी. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. कात्री चालवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

पण गेल्या हिवाळ्यापासून तो हातच दगा देऊ लागला होता. सकाळी उठावं तर बोटं लाकडासारखी. नळ फिरेना, बटण लागेना. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजायचं. टाच टेकवली की कळ थेट मस्तकात. दुपारपर्यंत अंग जरा सैल व्हायचं, आणि मग बघणाऱ्याला वाटायचं, हिला काय धाड भरलीय! कोपरांवर जुने लालसर चट्टे होते, त्यांचे पापुद्रे सुटायचे. म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्या.

डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले, बोट पाहिलं आणि सांगितलं, “सोरायसिसचा संधिवात असू शकतो. सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.” त्यांची वेळ मिळायला महिना होता. तोवर ती ना धड आजारी, ना धड बरी. नवरा जहाजावर नोकरीला. त्याचा फोन आला की ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारून ठेवून द्यायची. एवढ्या लांब त्याच्या जिवाला कशाला घोर? दुकानाच्या वरच्या मजल्यावर सासूबाई होत्या. त्या म्हणत, “कात्रीनं का कुणाचं बोट सुजतं? झोपत असशील वेडीवाकडी.” ताई गप्प बसायची. दुखणं एकवेळ सोसवत होतं, ते गप्प बसणं सोसवत नव्हतं.

एके दिवशी दुपारी दुकानात चिटपाखरू नसताना दार धाडकन उघडलं. बस चालवणाऱ्यांच्या गणवेशातली एक धिप्पाड बाई आत आली. डोक्यावर टोपी कानांपर्यंत ओढलेली.

“कुणी नाहीये ना? बरं झालं. दार लावा, पडदा ओढा. उद्या लग्न आहे.”

“अरे वा! मुलीचं?”

“माझं!”

ताईच्या तोंडून हसू फुटलं. बाईही खो खो हसली. “बावन्नाव्या वर्षी! तो तिकीट तपासनीस आहे. वीस वर्षं माझी बस तपासतोय, आता कुठे मला विचारायचं धाडस झालं.” मग ती एकदम गंभीर झाली. “आधीच सांगते, याची लागण होत नाही. मागच्या दुकानात मला उठवून बाहेर घालवलं होतं. तेव्हापासून माझे केस मीच कापते.”

तिने टोपी काढली. केस कसेही वाढलेले, आणि भांगातून, कानामागून पांढऱ्या खपल्यांचे जाड थर.

ताईने डावी बाही कोपराच्या वर सरकवली.

ड्रायव्हरबाई खुर्चीतून ताडकन उठली. “अगं बाई! तुला पण?” आणि न विचारताच तिने ताईचा हात ओढून आरशावरच्या दिव्याच्या उजेडात धरला. “नखं बघू. हे बघ, बारीक खड्डे! सुईनं टोचल्यासारखे. माझीही अश्शीच होती. आणि हे बोट? सकाळी आखडतात? हालचाल केली की सुटतात?”

“हो! हो! आणि टाच…”

“टाच तर विचारूच नकोस! पहिल्या वर्षी मी घरात भिंत धरून चालायचे.”

मग काय, बांध फुटला. दोघी एकमेकींचं वाक्य तोडत होत्या, एकमेकींच्या दंडावर चापट्या मारत होत्या. तुलाही दमायला होतं? काही न करता? तुलाही लोक म्हणतात तोंडावरून तर दिसत नाही? तू बस कशी चालवतेस? औषध लागू पडायला किती वेळ लागला? ताईचा आवाज चढत होता, गाल तापले होते. इतक्या महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. बोलता बोलता तिने केस ओले केले, हलक्या हाताने विंचरले आणि कात्री चालवायला सुरुवात केली. डावी बाजू अशी झरझर उतरली की तिचं तिलाच नवल वाटलं.

आणि उजव्या बाजूला वळली तोच बोटात सणकन कळ गेली. कात्री फरशीवर पडली. बोट वाकेना की सरळ होईना.

आरशात नवरी होती. डावीकडे सुरेख कापलेले केस, उजवीकडे जंगल.

“आता गं?” ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

“घाबरतेस काय? तशीही डेपोत मला अर्ध्या डोक्याचीच म्हणतात!” ड्रायव्हरबाई इतक्या मोठ्याने हसली की वरून सासूबाई आतल्या जिन्याने धावत खाली आल्या.

त्यांनी खुर्चीतलं ध्यान पाहिलं, खाली पडलेली कात्री पाहिली, आणि मग सुनेचं बोट. भर उजेडात त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. लाल, फुगलेलं, ताणलेलं.

“एवढं सुजलंय? आणि तू बोलली नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, वेडीवाकडी झोपते.”

“मी मेली काहीही बोलते! तू कशाला ऐकून घेतेस?” सासूबाईंचे डोळे भरले, पण हात लगेच कामाला लागले. “कंगवा इकडे दे. मी बटा वर धरते, तू डाव्या हातानं काप. उद्या हिला उभं राहायचंय ना लग्नाला!”

डाव्या हाताने कात्री धरायची म्हणजे गंमत नव्हे. सासूबाई बट उचलत, ताई जीव मुठीत धरून कापे, आणि नवरी आरशात बघून हुकूम सोडी, “थांब! डावीकडे वळण! ब्रेक!” तिघी घामाघूम झाल्या. शेवटी उजव्या कानावर केस किंचित तिरके राहिले. नवरीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि आरशातल्या स्वतःकडे बघतच राहिली.

“टोपी तुझ्याकडेच ठेव,” ती म्हणाली. “आणि उद्या साक्षीदार म्हणून सही करायला ये. नाही म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात तपासनीस नवरदेव इतका गडबडला होता की सहीच्या जागी त्याने तारीख लिहिली. सगळे हसत सुटले. ताईने मुठीत पेन धरून सही केली, ती वेडीवाकडी आली, आणि कुणी काही म्हटलं नाही. बाहेर पायरीवर बसून तिने जहाजावर फोन लावला आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, “अगं, मला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?”

सांध्यांच्या डॉक्टरांकडे ड्रायव्हरबाई बरोबर आली, आपल्या नव्या नवऱ्याला घरी ठेवून. डॉक्टरांनी नखं, बोट, टाच, कोपर, सगळं निवांत तपासलं, हाडांचे एक्स-रे पाहिले. ताई बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

“काय?” ड्रायव्हरबाई उभी राहिली.

“आहे! तेच आहे!”

परीक्षेत पहिली आल्यासारखी ती ओरडली. बाकावरची माणसं बघतच राहिली, आणि या दोघी एकमेकींच्या गळ्यात. कुणाला आजार निघाल्याचा इतका आनंद झालेला त्या दवाखान्याने पाहिला नसेल.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने काही म्हणजे काही फरक नाही. ताई चिडायची, रडायची, गोळ्यांना शिव्या घालायची. मग सूज हळूहळू ओसरू लागली. पूर्ण गेली नाही. वाईट दिवस अजून येतात. त्या दिवशी दुकान उशिरा उघडतं, आणि गल्लीतल्या बायकांना सासूबाईच दारात उभ्या राहून सांगतात, “आज तिचे सांधे धरलेत. थांबा, नाहीतर उद्या या.” आणि ड्रायव्हरबाईची बस गल्लीच्या वळणावर आली की हॉर्न दोनदा वाजतो. ताई जमेल त्या हाताने खिडकीतून हात हलवते आणि ओरडते, “संध्याकाळी ये! खूप बोलायचंय!”