नूतनच्या रक्तातला कॅल्सिन्युरिन

मी एक जुना कामकरी आहे, मित्रांनो. तुमच्या डोळ्यांना मी दिसत नाही, म्हणून आधी नाव सांगतो: कॅल्सिन्युरिन. मी एक विकर, म्हणजे एन्झाइम, फॉस्फेटेजांच्या घराण्यातला. प्रथिनांना चिकटलेले फॉस्फेट काढणे हे आमचे काम. पाचोऱ्याच्या नूतनच्या पांढऱ्या पेशींत मी राहतो. आमच्यातला एक झिजला की पेशी तसाच दुसरा घडवते, तेव्हा हे आम्हा सगळ्यांचे बोलणे समजा.

लोक आम्हाला आंधळे म्हणतात. सापडेल तो फॉस्फेट कापतात म्हणे! संताप येतो मला. मी एकटा कधी होतो? एक नियामक प्रथिन मला कायम मिठी मारून असते. आम्हा दोघांच्या सांध्यावर एक खाच तयार होते. त्या खाचेत जे नीट बसेल, त्याचाच फॉस्फेट मी काढतो. भलत्याचा नाही. अंगात परके काही शिरले की एक निरोप्या प्रथिन त्या खाचेत येऊन बसते. मी त्याचा फॉस्फेट उतरवतो, ते पेशीच्या केंद्रकात धावते आणि फौज उभी राहते. नूतनच्या लहानपणीची कितीतरी दुखणी आम्ही अशीच परतवली. कोणी शाबासकी दिली नाही.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तिच्या आईने, भिकुबाईंनी, आपली एक दिली. माझ्या लेखी ती परकीच. ती आईची आहे, हे मला कळणार कसे? म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यातले औषध पेशीतल्या दुसऱ्याच एका प्रथिनाला धरते आणि ती जोडी नेमकी आमच्या खाचेवर येऊन बसते. निरोप्या बाहेर ताटकळतो. मी चरफडत होतो, पण नूतन पुन्हा शिलाई मशीनवर बसली, पोट भरून जेवू लागली.

धुळ्याला नात्यातले लग्न होते. तिथे तिचे मोठे काका, सुकदेवनाना, तिच्या हातातली गोळी पाहून म्हणाले, "आते बठ्ठं चांगलं शे ना? मंग ह्या गोळ्या कसाले?"

"डॉक्टर बंद करू नको म्हनतस, नाना."

"डॉक्टरले काय! सोडी दे. मी सांगस ना."

नानांचा शब्द मोडायची घरात कोणाला सवय नव्हती. नूतनने आईलाही न सांगता गोळ्या बंद केल्या.

खाच मोकळी झाली. निरोप्या येऊन बसला, मी माझे काम केले आणि फौज भिकुबाईंच्या किडनीवर तुटून पडली. नूतनचे पाय सुजले, लघवी कमी झाली. तिला जळगावच्या दवाखान्यात हलवले. वाटेत तिने आईला नानांचे आणि गोळ्यांचे सगळे सांगितले. तिथे नाना हात जोडून म्हणाले, "देवनी मर्जी."

दिरापुढे कधी मान वर न केलेल्या भिकुबाई ताडकन उठल्या. "देवले मधमा आनू नका, नाना! मनी पोरनी गोळी तुम्ही बंद कराले लाई."

नानांनी जोडलेले हात खाली घेतले.

इंजेक्शने झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी नाही. जेवढी गेली तेवढी परत येणार नाही.

आणि आता नातेवाईक म्हणतात, "तिच्याच शरीराने दगा दिला." दगा? मी? मित्रांनो, मला आई कळत नाही, नाना कळत नाहीत. मला फक्त खाचेत काय बसले ते कळते. ज्याच्या अंगात दुसऱ्याने दिलेला अवयव जगतो आहे, त्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तुम्ही थांबवलीत, तर मी थांबणार नाही. मला थांबताच येत नाही.