उपाशीपोटी सत्कार

जयमाला ओव्हाळ कुणाला भिणाऱ्यातली नव्हती. साहेबाला नाही, पिसाळलेल्या कुत्र्याला नाही आणि चाकणच्या चौकातल्या ट्रकवाल्यांना तर मुळीच नाही. त्या आठवड्यात मात्र एक साधा फोन करायला तिला धीर होईना.

त्याचं असं झालं. चिंचवडच्या एका मंडळानं परिचारिका दिनाच्या निमित्तानं भागातल्या निवडक नर्सेसचा सत्कार ठरवला. मंडळाचा शेखर हा हौशी माणूस. शाल, श्रीफळ आणि काचेचं मानचिन्ह एवढ्यावर त्याचं भागेना. त्यानं टूम काढली, की प्रत्येक सिस्टरनं आपला एक पेशंट बरोबर आणायचा आणि त्या पेशंटनं स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. "इमोशनल होतं ओ पब्लिक," असं तो जयमालाला फोनवर म्हणाला आणि ती "बरं" म्हणून बसली.

फोन ठेवल्यावर तिला प्रश्न पडला. आपल्याबद्दल चांगलं बोला, असं माणसानं माणसाला सांगायचं तरी कसं? आणि बोलणार कोण? चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात तिनं वीसेक वर्षं काढली होती. गावच्या निम्म्या जमिनींवर शेड उभ्या राहिल्या होत्या, माणसांच्या दारात गाड्या आल्या होत्या आणि गाड्यांच्या मागोमाग शुगर आणि बीपी आले होते. त्या दोघांशी जयमालाचं हाडवैर. लग्नाच्या पंगतीत शिरून तिनं एका वरबापाच्या ताटातली जिलबी उचलली होती. ती गल्लीत शिरली, की विड्या विझायच्या.

त्यात दापोडीच्या घरी तिची मुलगी स्वरूपा. हिंजवडीला नोकरी, आणि जीभ आईवर गेलेली. सत्काराचं ऐकून ती पोहे खाता खाता सहज म्हणाली, "तुझ्यासाठी कोण येणार, आई? तुला लोक घाबरतात फक्त."

स्वरूपा विसरूनही गेली. जयमालाच्या मनात ते शब्द रुतून बसले. खरंच, इतकी वर्षं आपण फक्त भीतीच घातली का लोकांना? सरकारी पगार मिळत होता, बदली टळत होती, सगळं ठीक होतं. पण गावात आपण कुणाच्या कुणी आहोत की नाही, हे तिला कळेना. ते रविवारी कळणार होतं, तेही माइकवरून.

शेवटी तिनं मनाचा हिय्या करून चिमाबाईला फोन लावला. चिमाबाई सत्तरीच्या पुढची, शुगरची जुनी पेशंट, गावात सगळ्यांच्या ओळखीची. जयमालानं मनाशी वाक्यं जुळवली होती. माझा सत्कार आहे, तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. पण पलीकडून "कोन हाय?" असं ऐकू आलं आणि जुळवलेलं सगळं ती विसरली.

"आजी, रविवारी सकाळी दहाला चिंचवडच्या हॉलवर यायचं. पत्ता पाठवते. चुकवायचं नाही," असं दरडावून तिनं फोन ठेवूनही दिला. मग एक आलं नाही तर दुसरं असावं म्हणून धोंडीबालाही तसाच केला. धोंडीबा बीपीचा, मान डोलावणारा गरीब गडी. त्यानं "व्हय शिस्टर" एवढंच म्हटलं.

रविवारी हॉल गच्च भरला. सत्कार आपल्याकडे वेळेवर सुरू झाला तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं, आणि शेखरनं तशी वेळ कुणावर येऊ दिली नाही. प्रमुख पाहुणे सोपानराव, चिंचवडचे जुने जमीनवाले आणि आता बिल्डर. त्यांना वाटेत दोन उद्‌घाटनं आणि एक साखरपुडा होता. ते येईपर्यंत पार अकरा वाजून गेले. एसी एवढा थंड होता, की बाया पदर लपेटून बसल्या होत्या.

कार्यक्रम सुरू झाला. पिंपरीच्या साधना सिस्टर म्हणजे मऊ आवाजाची गोड बाई. त्यांच्या पेशंटनं तर त्यांच्यावर कविता करून आणली होती. टाळ्या थांबेनात. जयमालाही टाळ्या वाजवत होती, पण नजर दाराकडे. तिच्या पाहुण्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारी स्वरूपा मोबाइल घेऊन व्हिडिओच्या तयारीत. तिनंही त्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. ते न बोलणं जयमालाला जास्त लागलं.

इतक्यात बाहेर कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला. गावचा प्रितम कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. मालकाच्या पाया पडून त्यानं रविवारची बस मागून आणली होती. दारातून चिमाबाई आत आली, मागून धोंडीबा, आणि त्यांच्या मागून अर्धी आळी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट. पुरुषांनी एकेक बाही दुमडून घेतलेली.

दारावरच्या कार्यकर्त्याला धोंडीबानं हळूच विचारलं, "रगात कुठं घेत्यात?"

मागच्या वर्षीचं शुगरचं शिबिर अशाच एका मंगल कार्यालयात झालं होतं. सिस्टरनं स्वतः फोन करून बोलावलं म्हणजे तपासणी, आणि तपासणीला उपाशीपोटी जायचं, हे गावाला पाठ होतं. चिमाबाईनं जिथं जिथं शुगर होती, त्या सगळ्या घरी निरोप दिला होता. पत्ता विचारत, ट्रॅफिकमधून वाट काढत ती मंडळी आत्ता पोचली होती. कार्यकर्त्यानं त्यांना मागच्या रांगांत बसवलं.

त्याच वेळी स्टेजवरून नाव पुकारलं गेलं, "श्रीमती जयमाला ओव्हाळ."

ती वर गेली. सोपानरावांनी शाल उलगडली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडं बघा." जयमाला तिकडे बघत नव्हती. ती मागच्या रांगेत बघत होती. एवढ्या गारठ्यात चिमाबाई पदरानं कपाळ पुसत होती. एकदा पुसलं, परत पुसलं. हात थरथरत होता.

जयमालाला सगळं एकदम उमगलं. गोळी कधी चुकवायची नाही, हे तिनंच चिमाबाईला दटावून शिकवलं होतं. तपासणीला उपाशी यायचं, हेही तिनंच. म्हातारीनं दोन्ही पाळलं होतं. गोळी पोटात, अन्न नाही, आणि साखर चालली होती खाली.

सोपानरावांच्या समोर कोकम सरबताचा भरलेला पेला होता. जयमालानं तो उचलला आणि एका खांद्यावरची शाल ओढत ती स्टेजवरून थेट खाली उतरली. पाहुण्यांचे हात शालीच्या जागी तसेच राहिले.

"आजी, प्या हे."

चिमाबाईनं पेल्याचा वास घेतला. "ग्वाड हाय. तुमी न्हाई म्हनला व्हता."

"आता मीच प्या म्हणतेय."

"मागनं रागावनार न्हाई न्हवं?"

"आजी, प्या," जयमाला म्हणाली आणि तिनं पेला चिमाबाईच्या ओठांशी नेला. या म्हातारीनं आपला शब्द मोडला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चिमाबाईनं डोळे मिटून सरबत संपवलं. जयमालानं पर्समधलं छोटं मशीन काढून तिचं बोट टोचलं. आकडा कमीच होता, पण हातातून गेलेला नव्हता. मग ती उठली, शेखरच्या हातातला माइक घेतला आणि रात्रभर पाठ केलेल्या आभाराच्या भाषणाऐवजी म्हणाली, "ज्यांनी गोळी घेतलीय आणि काही खाल्लेलं नाही, त्यांनी हात वर करा."

मागच्या रांगांतले बरेच हात वर गेले. स्टेजवर सोपानरावांचाही गेला.

पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला उपमा मागच्या रांगांत वाटला गेला. शेखर आधी डोकं धरून बसला होता. पण लोक टाळ्या वाजवायला लागल्यावर त्याच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. चिमाबाईचा घाम ओसरला, ती उपमा खाऊ लागली, तसा तो माइक घेऊन तिच्यापाशी आला. "आजी, ताई किती कडक आहेत, सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी बोलावलं म्हणून भीतीनं आलात का?"

जयमालानं मान खाली घातली. स्वरूपाचा मोबाइल चालूच होता.

"भ्या कशाचं?" चिमाबाई म्हणाली. "कोरोनात माजी पोरं दारात आली न्हाईत. ही बाई रोज यायची. यायची, शिव्या द्यायची, मला भरवायची आन जायची. ही बोलावती ती आपल्याच भल्यासाठी. सोतासाठी हिनं कदी कुनाला हाक मारली न्हाई. मंग इचारायचं काय? उटायचं आन यायचं."

स्वरूपानं मोबाइल खाली घेतला आणि ती आईजवळ येऊन उभी राहिली. जयमालाला रडू आवरेना. पेशंटसमोर ती आजवर रडली नव्हती. ती चिमाबाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि शालीनंच डोळे पुसले.

"आजी, आज तपासणी नाहीये," ती हळूच म्हणाली. "माझा सत्कार होता. आज मी माझ्यासाठीच बोलावलं होतं तुम्हाला."

चिमाबाईचा घास हातातच राहिला. तिनं स्टेजवरची फुलं पाहिली, जयमालाच्या अंगावरची शाल पाहिली, आणि मग आपल्या रोजच्या विटक्या लुगड्याकडे पाहिलं.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मंग तसं सांगायचं की, बाई. समदं गाव आनलं आस्तं."